बहिणाबाईंचा पहिला संग्रह व त्याचे स्वागत

‘बहिणाबाईंची गाणी’ १९५२ साली प्रसिद्ध झाली, तेव्हा बहिणाबाई चौधरी हयात नव्हत्या. ३ डिसेंबर १९५१ रोजी त्यांचे निधन झाले होते. निरक्षर असलेल्या या कवयित्रीची घरकामात व शेतात स्फुरलेली गाणी पुत्र सोपानदेव प्रभृतींनी टिपून ठेविली होती. आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेने संग्रहाकडे रसिकांचे लक्ष वेधले. तथापि या कौतुकात निरक्षरतेविषयीच्या विस्मयाचा वाटा मोठा होता. वस्तुतः ओवीची मौखिक परंपरा, खानदेशातील बोली आणि कृषिजीवनाचा दीर्घ अनुभव हीच बहिणाबाईंची काव्यशाळा होय. तिच्याकडे दुर्लक्ष करून केवळ चमत्कार मानल्यास कवयित्रीचा गौरव होतो. तिच्या रचनेचा विचार मात्र राहून जातो.