अँडी हूग : एका अजिंक्यवीराची दुसरी उमेदवारी

कराटे हें नांव आज आपल्याकडे कोणासहि परकें राहिलेलें नाहीं. सायंकाळच्या वेळीं पांढरा पोषाख व रंगीत पट्टा बांधून शिकवणीस निघालेलीं मुलें कोणत्याहि शहरांत दृष्टीस पडतात. मुलानें निर्भय व्हावें, चारचौघांत त्याच्यावर मार खाण्याची पाळी येऊं नये, एवढीच त्यांच्या आईबापांची अपेक्षा असते, व तींत गैर कांहीं नाहीं. तथापि या विद्येचा अर्वाचीन इतिहास वाचतांना आम्हांस असें आढळलें कीं, तिच्यांतील ज्या पुरुषाचें चरित्र आमच्या मतें सर्वांत अधिक मननीय आहे, तो कीर्तीच्या शिखरावर पोंचल्यानंतर आपण होऊन पुन्हां मार खावयास उभा राहिला. त्याचें नांव अँडी हूग. त्याच्या चरित्राचा अर्थ नीट लागण्यासाठीं प्रथम थोडा पूर्वेतिहास सांगणें अवश्य आहे.

कराटेचें मूळ ओकिनावा बेटांत. १९२२ सालीं फुनाकोशी गिचिन या शिक्षकानें तोक्यो येथें या विद्येचें प्रात्यक्षिक करून दाखविलें, आणि तेव्हांपासून ती जपानच्या मुख्य भूमींत रुजूं लागली. फुनाकोशी यांस चढाओढी पसंत नव्हत्या. ही विद्या चित्तशुद्धीसाठीं आहे, बक्षिसासाठीं नव्हे, असें त्यांचें मत होतें. १९५७ सालीं ते निवर्तले, आणि त्याच वर्षीं त्यांच्या अनुयायांच्या संस्थेनें आपली पहिली राष्ट्रीय स्पर्धा भरविली! या स्पर्धांत प्रहार शरीरास लागण्यापूर्वीं आंवरून धरावा असा दंडक असे. जन्मानें कोरियन असलेल्या ओयामा मासुतात्सु या दणकट पुरुषास हें सारें लुटुपुटूचें वाटलें. त्यांनीं क्योकुशिन नांवाचा आपला स्वतंत्र संप्रदाय काढला, व त्यांत पूर्ण ताकदीनें आघात करण्याची मुभा दिली. हातांत मोजे नाहींत, अंगावर चिलखत नाहीं. लाथ मस्तकावर मारली तरी चालेल. मात्र मुठीनें तोंडावर मारावयाचें नाहीं, एवढा एकच मोठा निर्बंध त्यांनीं ठेवला. उघड्या मुठीचा ठोसा तोंडावर बसूं लागला तर दोघांपैकीं कोणीहि दुसऱ्या दिवशीं लढण्याच्या स्थितींत राहणार नाहीं, हें उघड आहे.

वाचकांनीं हा निर्बंध ध्यानांत ठेवावा. कारण आमच्या कथेची किल्ली त्यांतच आहे. ज्या ठिकाणीं तोंडावर ठोसा येत नाहीं, त्या ठिकाणीं हात तोंडापुढें धरण्याची संवय लागत नाहीं. क्योकुशिनचे वीर छातीस छाती भिडवून एकमेकांच्या बरगड्यांवर व मांड्यांवर घण घालतात. त्यांचें धैर्य व सोशिकपणा हीं अलौकिक असतात. परंतु नियम हा केवळ कागदावर राहत नाहीं. वर्षानुवर्षें पाळलेला नियम हाडांत मुरतो, आणि माणूस आपलें शरीर त्या नियमाच्या सांच्यांत ओतून घेतो. लाल मातींत वाढलेला आपल्याकडील मल्ल जेव्हां प्रथम गादीवर उतरतो, तेव्हां त्याची जी त्रेधा उडते तिचेंहि कारण हेंच होय.

कराटे सोडून मोजे चढविणारा हूग हा कांहीं पहिलाच नव्हे. १९६४ सालीं ओयामांचे तीन शिष्य बँकॉकला जाऊन थायलंडच्या मुए थाय या खेळांतील योद्ध्यांशीं लढले; दोघे जिंकले, एक हरला. पुढें १९६६ सालीं नोगुचि ओसामु या चतुर जपानी संयोजकानें थाई पद्धतीवर बेतलेला नवा व्यावसायिक खेळ सुरू केला, व त्यास किकबॉक्सिंग हें नांव दिलें. त्याचा पहिला नायक सावामुरा तादाशी हाहि विश्वविद्यालयीन स्पर्धांत गाजलेला कराटेपटूच. पहिल्याच वर्षीं एका थाई योद्ध्यानें त्यास एकाच लढतींत सोळा वेळां जमिनीवर पाडलें. त्यानंतर सावामुरा उठला, नव्यानें शिकला, व जपानभर लोकप्रिय झाला. म्हणजे या वाटेच्या तोंडाशींच ‘येथें मानहानि होईल’ अशी पाटी लागलेली होती.

अँडी हूग याचा जन्म ७ सप्टेंबर १९६४ रोजीं स्वित्झर्लंडमधील झुरिक येथें झाला. बाप फ्रेंचांच्या परदेशी पलटणींत होता. तो थायलंडांत मरण पावला, व मुलानें त्यास कधीं पाहिलेंहि नाहीं. वोलेन या गांवीं आजीआजोबांनीं त्याचें संगोपन केलें. वय दहाअकराचें असतांना तो क्योकुशिनच्या वर्गांत जाऊं लागला. पोटासाठीं त्यानें खाटकाच्या धंद्याची उमेदवारी केली. १९८४ सालीं जागतिक स्पर्धेंत तो सोळा जणांपर्यंत पोंचला, व तेथें जपानच्या मात्सुई शोकेइ याजकडून हरला. १९८७ सालीं तो थेट अंतिम लढतीपर्यंत गेला. जपानबाहेरच्या कोणाहि खेळाडूस तोंवर हें साधलें नव्हतें. प्रतिस्पर्धी पुन्हां मात्सुई, आणि निकालहि पुन्हां तोच.

१९९१ सालीं त्याची गांठ ब्राझीलच्या फ्रान्सिस्को फिल्यो या तरुणाशीं पडली. वेळ संपल्याची खूण होते न होते तोंच फिल्योची लाथ हूगच्या मस्तकावर बसली व तो बेशुद्ध होऊन पडला. लाथ वेळेंत होती कीं नव्हती, याविषयीं मोठा वाद माजला. लढवय्यानें क्षणभरहि गाफील राहतां कामा नये, या न्यायानें ओयामांनीं फिल्योच्या बाजूनें कौल दिला. या कौलाविषयीं आजहि दोन मतें आहेत. आम्हांस तो कठोर वाटतो. पण ज्या संप्रदायाची प्रतिज्ञाच कठोरपणाची, त्यास तो विसंगत होता असेंहि म्हणवत नाहीं.

यानंतर हूगनें क्योकुशिन सोडलें व इशिई काझुयोशी यांच्या सेइदोकाइकान या संप्रदायांत प्रवेश केला. १९९२ सालीं तेथील जागतिक करंडक त्यानें जिंकला. वय अठ्ठावीस, युरोप व जपान या दोहोंकडे कीर्ति, आणि टांच डोक्याहून उंच नेऊन कुऱ्हाडीसारखी खालीं आणण्याची त्याची लाथ तर सर्वतोमुखीं झालेली. येथें त्यानें थांबावयास हरकत नव्हती. परंतु १९९३ सालीं इशिई यांनीं के-वन या नांवाची व्यावसायिक स्पर्धा काढली. हातांत मोजे, तोंडावर ठोसे, एका रात्रींत आठ योद्धे व तीन लढती, अशी तिची रचना. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत हूगनें मोजे चढविले.

आरंभ चांगला झाला. १९९४ च्या मार्चमध्यें त्यानें स्पर्धेच्या पहिल्या विजेत्यास, क्रोएशियाच्या ब्रांको सिकाटिच यास, गुणांवर हरविलें. पण ३० एप्रिल रोजीं मुख्य स्पर्धेच्या पहिल्याच लढतींत अमेरिकेच्या पॅट्रिक स्मिथनें त्यास अवघ्या एकोणीस सेकंदांत लोळविलें. पंधरा-वीस वर्षांची तपश्चर्या, आणि एकोणीस सेकंद! सप्टेंबरांत हूगनें याच स्मिथचा एका मिनिटाच्या आंत पराभव करून उट्टें काढलें खरें. परंतु १९९५ सालीं दक्षिण आफ्रिकेचा धिप्पाड मुष्टियोद्धा माइक बर्नार्डो यानें त्यास एकदां नव्हे, दोनदां चीत केलें. हाडांत मुरलेला जुना नियम प्रत्येक वेळीं त्याच्या आड येत होता. अवजड गटांत त्याची उंची इतरांच्या मानानें कमी, वय तिशीचें; पुष्कळांनीं त्याची आशा सोडली.

त्या काळांत हूग काय करीत होता? तो पुन्हां उमेदवार झाला होता. हात कोठें ठेवावे, हनुवटी कशी झांकावी, पाऊल मागें केव्हां घ्यावें, हे बालबोध धडे तो गिरवीत होता. आणि हे धडे बंद खोलींत गिरवावयाचे नसून हजारों प्रेक्षकांसमोर, दूरचित्रवाणीच्या उजेडांत गिरवावयाचे होते. पराभवापेक्षां ही स्थिति सोसणें अधिक कठीण असावें.

६ मे १९९६ रोजीं योकोहामा येथें त्याचें फळ मिळालें. पहिल्या लढतींत त्यानें बार्ट वेल यास हरविलें. दुसरी लढत हॉलंडच्या अर्नेस्टो होस्टशीं. ती दोनदां वाढवावी लागली व पांच फेऱ्यांनंतर पंचांच्या बहुमतानें हूगच्या पदरांत पडली. त्याच रात्रीं, त्याच थकलेल्या पायांनीं, तो अंतिम लढतीस उभा राहिला, समोर बर्नार्डो. दुसऱ्या फेरींत हूगनें गर्रकन् वळून टांचेचा तडाखा बर्नार्डोच्या मांडीवर हाणला, आणि तो प्रचंड देह कोसळला. आम्हांस यांतील मर्म असें वाटतें कीं, हूग त्या फेरीपर्यंत टिकला तो नव्या विद्येमुळें, आणि जिंकला तो जुन्या विद्येमुळें. ती लाथ कराटेच्या घरांतली. पण ती मारण्याची संधि येईपर्यंत उभें राहणें त्यास मुष्टियुद्धानें शिकविलें होतें.

पुढील कथा थोडक्यांत सांगतों. १९९७ व १९९८ या दोन्ही वर्षीं तो अंतिम लढतीपर्यंत पोंचला, व अनुक्रमें होस्ट आणि पीटर आर्टस् यांजकडून हरला. मोजे चढवून आलेल्या फिल्योनेंहि १९९७ च्या जुलैंत त्यास पहिल्याच फेरींत पाडलें. तें ऋण शेवटपर्यंत फिटलें नाहीं. जून २००० मध्यें झुरिक येथें आपल्या देशबांधवांसमोर त्यानें मिर्को फिलिपोविच यास हरविलें, व जुलैंत जपानांत आणखी एक विजय मिळविला. ऑगस्टमध्यें त्यास रक्ताचा तीव्र कर्करोग असल्याचें निष्पन्न झालें, व २४ तारखेस तोक्यो येथें त्याचा अंत झाला. छत्तिसावा वाढदिवस दोन आठवड्यांवर आला होता. त्याच्या अस्थि क्योतो येथील एका बौद्ध मंदिरांत ठेवण्यांत आल्या. निळ्या डोळ्यांचा सामुराई असें ज्यास जपानी लोक म्हणत, त्यास त्यांनीं आपल्याच भूमींत जागा दिली.

हूगनें विद्या बाजारांत मांडली, असा आक्षेप त्याच्यावर घेतला जातो. के-वनमध्यें पैसा होता यांत शंका नाहीं. त्याचे संस्थापक इशिई यांस पुढें करचुकवेगिरीबद्दल शिक्षाहि झाली. विद्येचा विक्रय ही फुनाकोशींची भीति अगदींच निराधार नव्हती. परंतु केवळ पैशाचा लोभी मनुष्य जुन्या कीर्तीवर प्रदर्शनें करीत सुखानें राहिला असता. ज्या रिंगणांत आपली कीर्ति एकोणीस सेकंदांत जाते, तेथें पुन्हां पुन्हां उतरण्यास लोभाहून वेगळें कांहींतरी लागतें.

हें आम्ही इतक्या आग्रहानें कां लिहितों, तेंहि सांगून टाकतों. आमचा व्यवसाय अध्यापनाचा. पन्नाशी उलटल्यावर जर्मन भाषा शिकण्याची हौस धरून आम्ही एका वर्गांत जाऊन बसलों. शेजारच्या बांकावर आमच्याच कॉलेजांतील दोन विद्यार्थी होते. तिसऱ्या दिवशीं एका साध्या क्रियापदाचें रूप आमच्याकडून चुकलें. ते विद्यार्थी हंसले नाहींत. पण ते हंसले असें आम्हांस वाटलें, आणि चवथ्या दिवशीं आम्ही गेलों नाहीं. आम्हांस कोणीं एक बोटहि लावलें नव्हतें!

सायंकाळीं पांढरा पोषाख घालून निघालेल्या मुलास आईबापांनीं पदकाविषयीं जरूर विचारावें. पण आज तो कोणता नवा धडा चुकला, आणि उद्यां पुन्हां जाणार आहे कीं नाहीं, हेंहि त्यास अवश्य विचारावें.