बापाच्या नावाचा रकाना

डॉ. पांडुरंग खानखोजे यांच्यावर त्यांची मुलगी सावित्री साहनी यांनी इंग्रजीत पुस्तक लिहिले आहे. मराठीत वीणा गवाणकरांनी त्यांचे चरित्र लिहिले, त्याचे नाव ‘नाही चिरा, नाही पणती’. दोन्ही पुस्तके मी माझ्या विद्यार्थ्यांना आग्रहाने वाचायला देतो. वर्ध्याचा हा तरुण विसाव्या शतकाच्या आरंभी देश सोडून गेला. अमेरिकेत शेतीशास्त्र शिकला, गदर चळवळीत उतरला, पहिल्या महायुद्धात इराणच्या भूमीवर इंग्रजांशी लढला आणि १९२४ साली मेक्सिकोत पोचला. चापिंगोच्या कृषी विद्यालयात त्यांनी शिकवले, मक्याचे आणि गव्हाचे नवे वाण तयार केले, गरीब शेतकऱ्यांसाठी मोफत शेतीशाळा काढल्या. १९३६ साली एका बेल्जियन स्त्रीशी त्यांनी लग्न केले, दोन मुली झाल्या. इंग्रजांचे राज्य असेपर्यंत परतीची वाट बंदच होती. १९५५ साली ते कुटुंबासह नागपूरला आले आणि १९६७ साली तेथेच वारले.

मुलीने पाहिलेला बाप उतारवयाकडे झुकलेला, शेतीशास्त्रात बुडालेला. त्याच्या तरुणपणातला बंडखोर तिला कागदांतून आणि आठवणींतून शोधून काढावा लागला. या शोधात प्रेम आहे. बाप परदेशी गेला म्हणजे तो घरच्यांपासून दुरावतोच असे नाही, हे त्या पुस्तकातून कळते.

दिएगो रिव्हेराने मेक्सिकोच्या शिक्षण खात्याच्या भिंतीवर १९२८ साली एक चित्र रंगवले. एका मेजाभोवती निरनिराळ्या वर्णांची माणसे बसली आहेत आणि भाकरी वाटणाऱ्या माणसाला खानखोज्यांचा चेहरा आहे. तारीख ध्यानात घ्या. त्याच्या एकच वर्ष आधी, मार्च १९२७ मध्ये, महाडच्या तळ्याचे पाणी प्याले म्हणून आपल्या माणसांची डोकी फुटली होती. ब्राह्मण घरात जन्मलेल्या या माणसाला मेक्सिकोत जी पंगत बसवता आली, ती त्या वर्षी वर्ध्यात बसली असती काय? हा खानखोज्यांवरचा आक्षेप नाही. ते भूमिहीनांच्या बाजूने उभे राहिले, हे त्यांचे मोठेपण आपण मानतो. प्रश्न त्यांनी मागे सोडलेल्या समाजाला आहे.

दुसरा प्रश्न इतिहासलेखनाचा आहे. चिरा नाही, पणती नाही असे ज्यांच्याविषयी म्हटले गेले त्यांना दोन चरित्रे मिळाली, भिंतीवरचे चित्र मिळाले आणि २०२२ साली चापिंगोत पुतळाही उभा राहिला. मग खरोखर ज्यांना चिराही नाही आणि पणतीही नाही, असे समुद्रापलीकडे गेलेले बाप कोणते?

ते मॉरिशसच्या नोंदवह्यांत आहेत. गुलामगिरी संपवण्याचा कायदा झाल्यावर उसाच्या मळ्यांना हात हवे होते. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘अ‍ॅटलास’ जहाज पहिले मजूर घेऊन पोर्ट लुईला लागले. पुढच्या पाऊणशे वर्षांत साडेचार लाखांच्या आसपास भारतीय तेथे उतरले. बहुतेक कलकत्ता आणि मद्रासमार्गे गेले. मुंबईहून गेले ते त्या मानाने थोडे, पण त्यांत रत्नागिरीचे होते, साताऱ्याचे होते. कुणबी होते, मराठे होते, महारही होते. पाच वर्षांचा करार, महिन्याला पाच रुपये आणि शिधा. एक दिवस खाडा झाला तर दोन दिवसांचा पगार कापायचा, असा त्या मळ्यांचा हिशेब. सवर्णाला समुद्र ओलांडल्याचे प्रायश्चित्त घ्यावे लागे. आपल्या माणसाला कोणी प्रायश्चित्त विचारले नाही. तो आधीच बाटलेला. त्याला गाव सोडताना वेठीतून सुटल्यासारखे वाटले असेल की काळजाचा तुकडा मागे राहिल्यासारखे? बहुधा दोन्ही.

मोका येथील महात्मा गांधी संस्थेत या नोंदवह्या जपून ठेवल्या आहेत. प्रत्येक माणसाला एक क्रमांक. पुढे नाव, बापाचे नाव, वय, उंची, अंगावरची खूण, जात, जिल्हा, गाव. काहींची छायाचित्रेही आहेत. साहेबाला हे सगळे पळून गेलेला मजूर ओळखण्यासाठी हवे होते. पण गावकुसाबाहेरच्या माणसाच्या बापाचे नाव एखाद्या सरकारने वहीत नीट लिहिले, असे आपल्या इतिहासात कितीदा घडले? विद्यार्थ्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. इस्लामपूर आणि सारा वाळवा तालुका १९४९ पर्यंत सातारा जिल्ह्यात होता. दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा तेव्हा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. म्हणून आपले गाव शोधायचे तर साताऱ्याच्या रकान्यात शोधावे लागेल.

त्या वहीने आणखी एक गंमत केली. मॉरिशसमध्ये उतरलेल्या माणसाचे एकेरी नाव पुढे वंशाचे आडनाव झाले. कोणी सखाराम उतरला असेल, तर त्याची पणतवंडे सखाराम हेच आडनाव लावतात. आपल्याकडे आडनाव विचारतात ते जात कळावी म्हणून. तेथे परदेशी गेलेला बापच आडनाव होऊन राहिला. जात त्या जहाजातून उतरलीच नाही असे मात्र कोणी समजू नये. ती देवळांतून राहिली, लग्नांतून राहिली.

मजुरांच्या या ये-जा करण्यावर देखरेख ठेवणाऱ्या अधिकाऱ्याला प्रोटेक्टर म्हणत, म्हणजे रक्षणकर्ता. हे पद इंग्रजांबरोबर गेले नाही. १९८३ च्या कायद्याने ते पुन्हा पक्के केले. माझे वडील, दादा, १९९४ साली सेंट्रिंगच्या कामावर आखाती देशात गेले तेव्हा त्यांच्या पासपोर्टाला या प्रोटेक्टरची मंजुरी घ्यावी लागली, कारण ते फारसे शिकलेले नव्हते. पुरेसे शिकलेल्यांना ती लागत नसे. शिक्षण नसलेल्या माणसाला वेगळ्या रांगेत उभे करायचे, ही रीत दीडशे वर्षांत फारशी बदललेली नाही. अकरा वर्षांत दादा चार वेळा घरी आले. लिहिता येत नव्हते म्हणून ते कॅसेट भरून पाठवायचे. मागे पंख्याचा आवाज, खोलीतल्या केरळी माणसांचे बोलणे, आणि मधेच थांबून, “पोरगं शाळंत जातंय का?” तीन कॅसेट अजून वाजतात. मला विचाराल तर माझ्या घरातला पहिला ऐतिहासिक दस्तऐवज तोच.

वाळव्यातल्याच वाटेगावचे भाऊराव साठे मुलाबाळांना घेऊन पायी मुंबईला गेले, तेथे गोऱ्या साहेबांच्या बागेत माळीकाम करत. त्यांचे नाव आपल्याला ठाऊक आहे ते मुलगा अण्णा भाऊ झाला म्हणून. सावित्रीबाई साहनींच्या हाती बापाचे कागद होते. आपल्या मुलांच्या हाती मनीऑर्डरची पावती, पत्र्याची पेटी, करारपत्राची मळकी झेरॉक्स एवढेच असते, आणि तेही बाप गेल्यावर भंगारात जाते.

यंदा माझ्या वर्गातल्या मुलांना मी प्रकल्प म्हणून घरातल्या बाहेरगावी गेलेल्या माणसाची नोंद करायला सांगितली आहे: नाव, बापाचे नाव, गाव, निघाल्याचे वर्ष, काम, मजुरी, परतल्याचे वर्ष. जातीचा रकाना ठेवायचा की नाही यावर वर्गात दोन तास वाद झाला. शेवटी मुलांनीच तो ठेवला, आणि त्याच्या शेजारी, कोणी न सांगता, आईच्या नावाचा एक रकाना वाढवला.