हॅमॉक, पदभ्रमणाचा : कमी उंचीच्या स्त्रियांसाठी निवड

हॅमॉक, पदभ्रमणाचा : दोन झाडांमध्ये टांगून रात्रीच्या मुक्कामाला वापरायचा, सॅकमध्ये मावेल एवढा हलका कापडी बिछाना. प्रस्तुत नोंदीत त्याच्या एकाच अंगाचा विचार केला आहे : सुमारे १६० सेंमी.पेक्षा कमी उंचीच्या स्त्रीने तो कसा निवडावा. हॅमॉकविषयीचे आजचे बहुतेक ठोकताळे अमेरिकेत, ॲपलाचियन ट्रेलसारख्या दाट झाडीतून जाणाऱ्या लांब पायवाटांवर रुजले. त्यांत गृहीत धरलेले शरीर सहसा १८० सेंमी.च्या आसपास उंची असलेल्या पुरुषाचे असते. भारतीय स्त्रीची सरासरी उंची सुमारे १५२ सेंमी. आहे. म्हणजे हे ठोकताळे जसेच्या तसे उचलले, तर आपल्याकडील बहुसंख्य स्त्रिया आपल्या मापाचा नसलेला हॅमॉक घेतील. आणि माप चुकल्याची किंमत कापडाच्या वजनात नव्हे, तर झाडांची निवड, पट्ट्याची उंची आणि रात्रीची थंडी यांत मोजावी लागेल, असे या नोंदीचे प्रतिपादन आहे.

इतिहास : हॅमॉक मूळचा अमेरिका खंडातील आदिवासींचा. कोलंबसाने १४९२ मध्ये तो पाहिला आणि पुढे युरोपीय जहाजांवर खलाशांचा बिछाना म्हणून तो रूढ झाला. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याने छत व मच्छरदाणी जोडलेला ‘जंगल हॅमॉक’ वापरला.

लांबी व तिरपे निजणे : पदभ्रमणात सर्वाधिक वापरला जाणारा प्रकार म्हणजे आयताकृती कापडाची दोन्ही टोके चुणून आवळलेला हॅमॉक. त्यात मधोमध, टोकाच्या रेषेत निजले तर पाठीची कमान होते, खांदे दोन्ही बाजूंनी आवळले जातात आणि गुडघे उलटे वाकू लागतात. मधल्या रेषेशी वीस ते तीस अंशांचा कोन करून तिरपे निजले, तर कापड अंगाखाली बरेच सपाट होते. हा सपाटपणा कापडाच्या लांबीचे शरीराच्या लांबीशी असलेले प्रमाण आणि कापडाला दिलेली झोळ या दोन गोष्टींवर अवलंबून असतो. झोळ कायम राहावी म्हणून दोन टोकांमध्ये न ताणणारी एक दोरी बांधतात. तिला रिजलाइन म्हणतात. तिची लांबी कापडाच्या लांबीच्या सुमारे ८३ टक्के ठेवण्याची रीत आहे. जाणकारांमध्ये प्रमाण मानला गेलेला हॅमॉक ३३५ सेंमी., म्हणजे अकरा फूट लांब असतो. १८० सेंमी. उंचीच्या माणसाला तो त्याच्या उंचीच्या १.८६ पट पडतो. हेच प्रमाण १५२ सेंमी. उंचीच्या स्त्रीला लावले, तर लांबी येते २८३ सेंमी. दुकानांत स्वस्तात मिळणारे नायलॉनचे साधे हॅमॉक बहुधा २७५ ते ३०० सेंमी. लांब असतात. ‘फार आखूड, दुपारच्या वामकुक्षीपुरते’ असा शेरा त्यांच्यावर मारला जातो. हा शेरा मारणाऱ्यांच्या उंचीला तो खरा आहे, १५२ सेंमी. उंचीच्या स्त्रीला मात्र त्याच कापडात उंच माणसाला ३३५ सेंमी.मध्ये मिळते तितकीच सपाट झोप मिळू शकते. रुंदीचेही तसेच. पंचवीस अंशांनी तिरपे निजताना १८० सेंमी.चे शरीर आडव्या दिशेने सुमारे ७६ सेंमी. व्यापते, १५२ सेंमी.चे सुमारे ६४. त्यामुळे दोघांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या अतिरुंद कापडाची तिला गरज नाही. उरलेले कापड तोंडावर येते आणि वाऱ्यात फडफडते.

यावर पहिला आक्षेप असा की, कापड जितके लांब तितकी झोप सपाट, मग आखूड घ्यावेच कशाला? आक्षेपाचा पूर्वार्ध खरा आहे. लांब हॅमॉकमध्ये कमी उंचीच्या व्यक्तीला गैरसोय होते असे म्हणता येणार नाही. पुष्कळ जणींना तो अधिक आवडतो. शिवाय आखूड कापडाने वजन वाचते हा नेहमीचा युक्तिवादही फारसा टिकत नाही. १५० सेंमी. रुंद आणि दर चौ.मी.ला ५४ ग्रॅम वजनाचे कापड धरले, तर ३३५ ऐवजी ३०५ सेंमी. लांबी घेतल्याने अवघे २४ ग्रॅम वाचतात. त्यापेक्षा तीच लांबी ठेवून कापड पातळ निवडले, तर बचत कितीतरी मोठी होते, आणि ५०-५५ किग्रॅ. वजनाच्या स्त्रीला ते शक्यही असते. मात्र उत्पादकाने दिलेली भारमर्यादा अंगावरचे कपडे, अंथरूण व सॅकमधील सामान मिळवून तपासली पाहिजे. तेव्हा लांबीचा निर्णय वजनाच्या आधारे घेणे हेच मुळात चूक. त्याचा खरा आधार पुढील बाबीत आहे.

पट्ट्याची उंची : टांगलेल्या हॅमॉकचा पट्टा आडव्या रेषेशी सुमारे तीस अंशांचा कोन करून खाली यावा, हा नियम सर्वमान्य आहे. तीस अंशांना प्रत्येक पट्ट्यावरचा ताण निजणाऱ्याच्या वजनाइतका असतो; कोन दहा अंशांवर आणला तर तो जवळजवळ तिप्पट होतो. ५५ किग्रॅ. वजनाच्या स्त्रीच्या बाबतीत हा फरक ५५ विरुद्ध १५८ किग्रॅ.चा आहे. वजन कमी आहे म्हणून पट्टा ताणून बांधला तरी चालेल, असे म्हणूनच नाही. पण कोन राखायचा तर पट्टा झाडावर पुरेसा उंच बांधावा लागतो, आणि इथे उंचीचा प्रश्न प्रत्यक्ष अंगाला भिडतो. पाय टेकवून बसता-उठता यावे यासाठी माणूस बसल्यावर हॅमॉकचा तळ जमिनीपासून ४५ सेंमी. असावा असे सांगतात. हे खुर्चीचे माप आहे. दीडशे सेंमी. उंचीच्या स्त्रीचे पाय त्या उंचीवर नीट टेकत नाहीत, तिला ४० सेंमी. किंवा त्याहून थोडे कमी हवे. रात्री लघवीला उठावे लागते तेव्हा अंधारात, थंडीत हे पाच सेंमी. महत्त्वाचे ठरतात. आता दोन झाडांमधील अंतर ४३० सेंमी. आणि तळ ४० सेंमी. धरून भूमितीने हिशेब केला, तर ३३५ सेंमी.च्या हॅमॉकसाठी पट्टा सुमारे १७७ सेंमी. उंचीवर येतो आणि २८५ सेंमी.च्या हॅमॉकसाठी सुमारे १७५. (कापडाची प्रत्यक्ष झोळ कोनदार नसून गोलसर असल्याने हे आकडे थोडे वरचे आहेत.) म्हणजे झाडे तीच असतील, तर आखूड हॅमॉकने जवळपास काहीच साधत नाही, आणि दोन्ही वेळा पट्ट्याचे बक्कल डोक्याच्या वर हात करून घट्ट करावे लागते. फरक पडतो तो झाडे जवळची निवडता येण्यामुळे. ३३५ सेंमी.च्या हॅमॉकला पट्टे व गाठी धरून साधारण ३६५ सेंमी. अंतर लागतेच, तिथे पट्टा सुमारे १५९ सेंमी.वर येईल. २८५ सेंमी.चा हॅमॉक ३२० सेंमी. अंतरातही बसतो आणि पट्टा सुमारे १४४ सेंमी.वर, म्हणजे दीडशे सेंमी. उंचीच्या स्त्रीच्या डोळ्यांसमोर येतो. तिला तो नीट दिसतो, दोन्ही हातांनी जोर लावून ओढता येतो आणि अंधारात चाचपून सोडता येतो. आखूड हॅमॉकचा मोठा लाभ हा आहे, आणि खरेदीच्या सल्ल्यांत तो क्वचितच सांगितला जातो.

दुसरा आक्षेप असा की, दगडावर किंवा सॅकवर उभे राहून पट्टा हवा तेवढा उंच बांधता येतो. बांधता येतो, पण ओल्या जमिनीवर, उतारावर, दिवसभर चालून पाय थकलेले असताना हा उपाय रोज करायला लावणे हे साधनाचे अपयश मानले पाहिजे. उतारावर चढाच्या बाजूला उभे राहून बांधणे किंवा पट्ट्याचे टोक काठीने वर सरकवणे हे उपाय त्या मानाने बरे. पट्टे घेताना दोरी गाठवण्याच्या प्रकारापेक्षा बक्कल सरकवून लांबी बदलणारा प्रकार घ्यावा. पट्टा किमान २.५ सेंमी. रुंद असावा, म्हणजे झाडाची साल कापली जात नाही. अनेक उद्यानांत तशी अटही असते.

ऊब : टांगून निजताना थंडी खालून लागते. स्लीपिंग बॅगचा अंगाखाली दबलेला भाग ऊब धरत नाही आणि खालून वारा सतत वाहत असतो. यासाठी हॅमॉकच्या बाहेरून, खालच्या अंगाला टांगायची रजई वापरतात. तिला अंडरक्विल्ट म्हणतात. हिची पूर्ण लांबीची आणि तीनचतुर्थांश लांबीची अशी दोन मापे प्रचारात आहेत. दुसरे माप सुमारे १३० सेंमी. असते. उंच माणसाला ते खांद्यापासून गुडघ्याच्या थोडे खालपर्यंत पुरते आणि पायाखाली वेगळे काही घालावे लागते. १५२ सेंमी. उंचीच्या स्त्रीचे खांद्यापासून टाचेपर्यंतचे अंतर मात्र साधारण १२५ सेंमी. असते. तिच्यासाठी तीनचतुर्थांश माप हेच पूर्ण माप आहे. वजनाची खरी बचत इथे होते, आणि त्याच पैशांत अधिक भरीव पिसांची रजई घेता येते. तशी ती घ्यावी, कारण उबेच्या आकड्यांत एक अडचण आहे. स्लीपिंग बॅगांच्या युरोपीय मानकात (ईएन १३५३७, आता आयएसओ २३५३७) दोन मुख्य तापमाने दिलेली असतात : ‘कम्फर्ट’ हे १६० सेंमी. उंची व ६० किग्रॅ. वजनाच्या प्रमाण स्त्रीसाठी, तर ‘लिमिट’ हे प्रमाण पुरुषासाठी. दोहोंत सहसा पाच-सहा अंश सेल्सिअसचे अंतर असते. अंडरक्विल्टचे आकडे बहुधा अशा चाचणीतून आलेले नसून उत्पादकाच्या अंदाजाचे असतात आणि ते ‘लिमिट’च्या जवळ जाणारे असतात. म्हणून अपेक्षित तापमानापेक्षा निदान पाच अंश अधिक थंडीची रजई निवडणे शहाणपणाचे. स्त्रियांना थंडी अधिक वाजण्याचे कारण लिंगभेद की केवळ शरीराचे लहान आकारमान, याविषयी मतभेद आहेत. निवडीपुरते दोहोंचे उत्तर एकच येते.

‘स्त्रियांसाठी’ म्हणून वेगळ्या रंगात विकल्या जाणाऱ्या मालाबद्दल इतकेच नोंदवावे की, हॅमॉकला उंची व वजन कळते, लिंग कळत नाही. लेबलापेक्षा लांबी, रिजलाइनचे माप आणि भारमर्यादा हे तीन आकडे मागावेत. योग्य लांबी बाजारात मिळाली नाही, तर लांब हॅमॉकचे एक टोक सोडून, कापड आतल्या बाजूला पुन्हा चुणून आवळता येते आणि रिजलाइन त्या प्रमाणात आखूड करता येते; शिवण लागत नाही.

छत : वरचे टार्प मात्र आखूड करू नये. टांगलेल्या हॅमॉकची टोके रिजलाइनच्या लांबीइतकीच दूर असल्याने ३३५ सेंमी. लांबीचे टार्प ३३५ सेंमी.च्या हॅमॉकच्या टोकांपलीकडे दोन्ही बाजूंना सुमारे २८ सेंमी. उरते, २८५ सेंमी.च्या हॅमॉकवर तेच सुमारे ४९ सेंमी. उरते. आडव्या पावसात या जादा वीस सेंमी.चा उपयोग होतो.

मच्छरदाणी : कापडाला शिवलेली किंवा सुटी, निवड उंचीवर अवलंबून नाही.

सह्याद्रीत : गडमाथे बहुतांशी उघडे असतात. टांगण्याजोगी झाडे मिळतात ती घाटमाथ्यावरच्या रानात आणि पायथ्याच्या देवरायांत. देवरायांतील झाडांना बांधणे तर गावकऱ्यांना विचारल्याशिवाय करूच नये. भीमाशंकर किंवा कोयना यांसारख्या अभयारण्यांत मुक्कामासाठी वन विभागाची परवानगी लागते. घाटमाथ्यावरच्या रानात झाडे पुष्कळ ठिकाणी दाट आणि जवळजवळ असतात, त्यामुळे तीन-सव्वातीन मीटरमध्ये बसणारा हॅमॉक इथे उंच माणसालाही हवासा वाटावा. फक्त त्याला त्यात सपाट निजता येणार नाही.