सरगम का गायची?

नगरला माळीवाड्याच्या स्टँडवर पुण्याची एस.टी. लागलीय. खिडकीची जागा धरा. सुपं, शिरूर, शिक्रापूर मागं पडतील तशी वर्षंही मागं पडू द्या. पुण्यात पाय ठेवाल तेव्हा १९४० उजाडलेलं असेल.

अत्र्यांच्या घरात आबासाहेब आणि इंदिराबाई दोघंही शिक्षक. इंदिराबाईंची तब्येत बरी नसते. गाण्यानं बरं वाटेल असं कुणीतरी सुचवलेलं, म्हणून पेटीचे धडे सुरू झालेत. आईचं शिकणं थोडक्यात आटोपतं. शेजारी बसून ऐकणारी त्यांची आठ वर्षांची लेक, पुढची गायिका प्रभा अत्रे, मात्र उठायचं नाव घेत नाही.

आता दहा-बारा वर्षं ओलांडा. हीच मुलगी एकीकडे फर्ग्युसनमध्ये विज्ञान आणि मग कायदा शिकतेय, दुसरीकडे सुरेशबाबू मान्यांकडे गाणं. सुरेशबाबू म्हणजे अब्दुल करीम खाँसाहेबांचे चिरंजीव, अस्सल किराणा घराण्याचे. तुम्ही तिच्यामागं मांडी घालून बसा आणि गप्प राहा. बुवा गातात, शिष्यानं तसंच गायचं. जमलं नाही तर पुन्हा. ‘असंच का?’ असं विचारायची इथं रीत नाही. १९५३ मध्ये सुरेशबाबू जातात. पुढची तालीम त्यांच्या भगिनी हिराबाई बडोदेकरांकडे. हिराबाईंच्या मैफलीत प्रभाताई मागं तंबोरा घेऊन बसतात, साथीला गातात. मैफल कशी उभी करायची हे वहीत लिहून मिळत नाही, ते इथं बसूनच कळतं.

पुढचा मुक्काम सत्तरच्या दशकातला. आता मैफल खुद्द प्रभाताईंची आहे आणि तंबोरा तुमच्या हातात. राग कलावती: सा, ग, प, ध आणि कोमल निषाद. रिषभ नाही, मध्यम नाही. आलापी आकारात, म्हणजे नुसत्या ‘आ’वर, चाललीय, सूर एकमेकांत विरघळताहेत. मग तीच जागा त्या सरगमनं घेतात: ग प ध नि, ध प, ग प. स्वर तेच, पण आता प्रत्येकाला नाव आहे आणि प्रत्येक नावाला एक आघात. ‘प’ला ओठ मिटून उघडतात, ‘ग’ घशाजवळून निघतो. सा, ग, प, ध लांबवताना तोंड उघडंच राहतं. ‘नि’ आला की जबडा आवळतो आणि निषाद बारीक, टोकदार होऊन कानात शिरतो. आकारात हे झालं नसतं.

मध्यंतरात चहा घेताना कान उघडे ठेवा. ‘सरगम म्हणजे गाण्याची बाराखडी. ती घरी घोकायची, मैफलीत कशाला?’ असं म्हणणारे जाणकार कमी नाहीत. कर्नाटक संगीतात स्वरकल्पना, म्हणजे मैफलीत आयत्या वेळी सुचेल तशी गायलेली सरगम, मानाची. खुद्द करीम खाँसाहेबांनाही दक्षिणेकडच्या गाण्याची ओढ होती. पण उत्तरेत सरगमकडं पाहताना नाक मुरडायची सवय. एखादी गायिका अशा वेळी दुर्लक्ष करून गात राहिली असती. प्रभाताईंनी सरगमवर डॉक्टरेटचा प्रबंध लिहिला. सरगम ही आकाराइतकीच स्वतंत्र संगीतसामग्री आहे, तिच्यातूनही भाव व्यक्त होतो, ही त्यांची भूमिका.

१९७९. मुंबईत चर्चगेटला उतरा आणि एस.एन.डी.टी. विद्यापीठात शिरा. प्रभाताई संगीत विभागाच्या प्रमुख झाल्यात; १९९२ पर्यंत त्या इथं असतील. इथं तासाची घंटा होते. बडा ख्याल नीट मांडायला पाऊण तास लागतो. तंबोरे जुळेपर्यंतच अर्धा तास सरला तर? शिवाय अभ्यासक्रम, बाहेरून येणारे परीक्षक, गुण. गुरूच्या घरी वर्षानुवर्षं बसून मिळतं ते इथं मिळणार नाही, हे उघड आहे. पण जे तिथं चालत नव्हतं ते इथं चालतं. हात वर करून विचारता येतं: अमुक राग रात्रीच का? अमुक रागाचा अमुकच रस, हे ठरवलं कुणी? हे प्रश्न प्रभाताई स्वतःच विचारत आल्या आहेत. रागसमयाची चौकट त्यांना मान्य नाही, राग आणि रस यांची ठरीव जोडीही नाही. त्या शिकवतात, लिहितात आणि मैफलीही सोडत नाहीत. भीमसेन जोशींनंतर पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवाची सांगता त्यांच्या गाण्यानं होऊ लागते. १८ एप्रिल २०१६ ला दिल्लीत त्यांची ११ पुस्तकं एकाच मंचावरून प्रकाशित होतात. २०२२ मध्ये पद्मविभूषण मिळतं.

१३ जानेवारी २०२४ ला, एक्क्याण्णवाव्या वर्षी, त्या गेल्या. त्यांचा कलावती आजही कधीही ऐकता येतो, आणि त्यामागचा विचार पुस्तकांत आहे. घराण्याची विद्या बहुधा कानातून कानात जाते. तिच्याशी भांडायचं तर आधी उंबरा ओलांडून आत जावं लागतं. प्रभाताईंनी आपलं म्हणणं कारणांसकट छापून ठेवलं. त्यामुळे ज्याला कुणी बुवा लाभला नाही, तो नगरचा विद्यार्थीही ते ताडून पाहू शकतो. पटलं तर गाऊन बघा. नाही पटलं तर खोडून काढा. ती मुभा त्यांनीच दिलेली आहे.