न जुळणारे आकडे



गेले दोन महिने इथे काही लिहिणं झालं नाही. आधी मोतीबिंदूचं ऑपरेशन, मग पावसाने माळ्यावर आलेली ओल... असो. आजचा विषय पाहून आमचे नातेवाईक म्हणतील, मास्तरांचं डोकं फिरलं की काय! विषय आहे रिव्हॉल्वर आणि पिस्तुलं जमवण्याच्या, आणि त्यांत आपल्या आवडीप्रमाणे बदल करून घेण्याच्या छंदाचा. दचकू नका. मी आयुष्यात खडूपेक्षा धोकादायक काही हातात धरलेलं नाही. पण हा विषय काही वर्षं मनात घोळतोय, आणि त्याच्या शेवटी मला घरच्यांजवळ एक कबुलीही द्यायची आहे.

तर झालं असं. २०१८ च्या उन्हाळ्यात आम्ही दोघं लेकीकडे अमेरिकेत, कनेक्टिकटला गेलो होतो. शेजारी एक गृहस्थ राहायचे, माझ्याच वयाचे. जन्मभर लेथवर काम करून निवृत्त झालेले. रोज संध्याकाळी कुंपणापाशी हवापाण्याच्या गप्पा होत. एकदा लेक सहज म्हणाली, "बाबा, यांच्याकडे जुन्या रिव्हॉल्वर्सचा संग्रह आहे. बघायचा का?" माझ्या पोटात गोळाच आला. आपल्याकडे पिस्तूल हा शब्द येतो तो एकतर गुन्ह्याच्या बातमीत (मुंबईत त्याला ‘घोडा’ म्हणतात म्हणे), नाहीतर इतिहासाच्या पुस्तकात. २१ डिसेंबर १९०९, नाशिकचं विजयानंद थिएटर, अनंत कान्हेरे आणि कलेक्टर जॅक्सन, हा धडा मी तीसेक वर्षं शिकवला. ती पिस्तुलं ब्राउनिंगची, सावरकरांनी लंडनहून धाडलेली, हेही सांगायचो. पण हा ब्राउनिंग कोण, हे ना मी कधी विचारलं, ना एकाही मुलाने! तो होता अमेरिकेतल्या यूटा प्रांतातला एक बंदूक-कारागीर. त्याची पिस्तुलं बेल्जियममधल्या कारखान्यात बनत. आणि अमेरिकन सैन्याने १९११ साली स्वीकारलेलं प्रसिद्ध कोल्ट पिस्तूलही त्याच्याच डोक्यातून निघालेलं.

आपल्याकडे हा छंद फोफावला नाही याचं कारण उघड आहे. १८७८ साली लॉर्ड लिटनच्या काळात शस्त्रांचा कायदा आला आणि परवान्याशिवाय शस्त्र बाळगणं गुन्हा ठरलं. स्वातंत्र्यानंतर १९५९ चा कायदा आला. त्यात एका माणसाला तीन अग्निशस्त्रांची मुभा होती, ती २०१९ च्या दुरुस्तीने दोनवर आली. दोन नगांचा कसला संग्रह होणार? अमेरिकेत मात्र १९६८ च्या केंद्रीय कायद्याने १८९८ पर्यंत बनलेली शस्त्रं पुराणवस्तू मानली. म्हणजे शेजाऱ्यांकडचं सव्वाशे-दीडशे वर्षांचं रिव्हॉल्वर केंद्रीय कायद्याच्या लेखी ‘अग्निशस्त्र’च नाही! मला हे ऐकून हसू आलं. पण त्या एका ओळीने किती तरी जुन्या वस्तू भंगारात जाण्यापासून वाचल्या असतील.

तर एका रविवारी गेलो. गृहस्थांनी पोलादी कपाट उघडलं, हातात सुती मोजे चढवले (बोटांच्या घामाने लोखंड गंजतं), आणि प्रत्येक रिव्हॉल्वर रिकामं असल्याची दोनदा खात्री करून ते टेबलावरच्या फडक्यावर ठेवलं. त्यात एक होतं १८७३ चं कोल्ट. म्हणजे १८७३ साली अमेरिकन घोडदळासाठी निघालेल्या नमुन्याचं. काउबॉयच्या सिनेमात सगळे जे कंबरेला लटकवतात तेच. सहा गोळ्यांचं फिरतं नळकांडं, अक्रोडाच्या लाकडाची मूठ आणि प्रत्येक वेळी अंगठ्याने मागे ओढावा लागणारा घोडा. पहिल्या पिढीत, म्हणजे १९४० च्या सुमारापर्यंत, अशी सुमारे साडेतीन लाख बनली.

कारखान्यात एकाच रिव्हॉल्वरच्या वेगवेगळ्या भागांवर एकच क्रमांक ठोकत. मी चष्मा सावरून पाहिलं. सांगाड्यावर एक आकडा, चापाभोवतीच्या कड्यावर दुसरा, मुठीच्या पट्टीवर तिसराच! उत्तरपत्रिकेतली कॉपी पकडण्यात हयात गेलेली. मी लगेच म्हणालो, "आकडे जुळत नाहीत. तुम्हाला कोणीतरी फसवलंय."

गृहस्थ मोठ्याने हसले. म्हणाले, "जुळले असते, तर मलाच शंका आली असती."

मग त्यांनी जे सांगितलं ते फार गमतीचं आहे. घोडदळाच्या या रिव्हॉल्वरची नळी साडेसात इंच लांब. १८९२ च्या सुमारास सैन्याने लहान व्यासाच्या गोळीचं नवं रिव्हॉल्वर घेतलं आणि ही जुनी कोठारात पडली. नंतरच्या दहा वर्षांत सरकारने त्यातली हजारो बाहेर काढली, नळ्या कापून साडेपाच इंच केल्या आणि डागडुजी करून पुन्हा सैनिकांच्या हाती दिली. फिलिपिन्सच्या लढाईत नवी रिव्हॉल्वर कमी पडली, तेव्हा ही जुनीच उपयोगी आली. डागडुजी करताना सगळी सुटी करून भागांचे ढीग केले आणि हाताला येईल तो भाग जोडत गेले. आकडे जुळवत बसायला वेळ कोणाला होता! तेव्हापासून या कापलेल्या नमुन्याला संग्राहक ‘आर्टिलरी मॉडेल’ म्हणतात. यातल्या बहुतेकांचे आकडे जुळत नाहीत, आणि तोच त्यांच्या खरेपणाचा दाखला. सगळे आकडे जुळणारं दिसलं, तर जाणकार आधी भिंग काढतो.

म्हणजे पाहा, बदल करून घेण्याचा हा उद्योग हौशी लोकांनी नव्हे, खुद्द सरकारनेच केला होता. आणि त्याच्याही आधीपासून तो चालू होता.

सॅम्युएल कोल्ट हा माणूस १८१४ साली त्याच कनेक्टिकटमधल्या हार्टफर्डला जन्मला. (कोल्ट म्हणजे शिंगरू. कंपनीच्या खुणेवर उधळलेलं शिंगरू आहे. म्हणजे मुंबईचा ‘घोडा’ आणि हार्टफर्डचं शिंगरू अशी ही जोडी जमली!) १८३६ साली त्याला अमेरिकेत फिरत्या नळकांड्याचं पेटंट मिळालं. पहिला कारखाना १८४२ मध्ये बुडाला. १८४७ मध्ये टेक्सासच्या सॅम्युएल वॉकर नावाच्या अधिकाऱ्यामुळे एक हजार नगांची सरकारी मागणी आली आणि गाडी पुन्हा रुळावर आली. कोल्टला जाहिरातीचं अंग होतं. तुर्कस्तानच्या सुलतानाला, रशियाच्या झारला त्याने सोन्याची नक्षी केलेली रिव्हॉल्वर नजराणा म्हणून दिली. जर्मनीहून आलेल्या गुस्ताव्ह यंगसारख्या नक्षीगारांनी पोलादावर वेलबुट्टी काढावी तशी कामं केली आहेत. आपल्याकडच्या तलवारीच्या मुठी आठवाव्यात इतकी नाजूक.

पण एक गोष्ट मला टोचली. त्या वॉकर रिव्हॉल्वरच्या नळकांड्यावर एक चित्र ठसवलेलं असतं. नोटांचे ठसे कोरणाऱ्या ऑर्म्सबी नावाच्या कलाकाराचं. चित्र कसलं? टेक्सासचे घोडेस्वार कोमांची आदिवासींना पळवताहेत! ज्यांच्यावर ते चालवायचं, त्यांचंच चित्र शोभेसाठी. मी गृहस्थांना विचारलं, "हे पाहून कसं वाटतं?" ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "म्हणूनच ते घासून टाकायचं नाही." मला हे उत्तर पटलं.

गिऱ्हाइकांच्या हौशीचे नमुने तर किती! बॅट मास्टरसन हा डॉज सिटीचा नामांकित माणूस. पूर्वी शेरीफ होता. जुलै १८८५ मध्ये त्याने कोल्ट कंपनीला पत्र लिहून स्वतःसाठी एक रिव्हॉल्वर मागवलं. निकेलचा मुलामा हवा, चाप अगदी हलका हवा, पुढची माशी नेहमीपेक्षा थोडी उंच आणि जाड हवी, नळी आखूड हवी, जास्तीच्या कामाचे जास्तीचे पैसे देईन. आपण शिंप्याला कॉलर कशी हवी ते सांगतो, तसंच! हाच मास्टरसन पुढे न्यूयॉर्कला जाऊन वर्तमानपत्रात खेळांवर लिहू लागला. तिथे संग्राहक त्याच्या मागे लागत की तुमचं जुनं रिव्हॉल्वर द्या. तेव्हा त्याने म्हणे गहाणवटीच्या दुकानातून एक जुनं कोल्ट विकत आणलं, मुठीवर खाचा पाडल्या आणि एकाच्या गळ्यात मारलं. गोष्ट खरी असो वा रचलेली, संग्राहक ती आवडीने सांगतात, कारण फसवणुकीची भीती प्रत्येकाच्या मनात असते. म्हणूनच कारखान्याच्या जुन्या वह्यांवरून दाखला मागवण्याची सोय आहे. क्रमांक कळवायचा, शुल्क भरायचं, की ते रिव्हॉल्वर कधी, कोणाकडे आणि कोणत्या मुलाम्यात रवाना झालं ते लिहून येतं. अगदी सातबाऱ्याचा उताराच!

खाचांचं म्हणाल तर जनरल पॅटनच्या हस्तिदंती मुठीवर खऱ्या दोन खाचा आहेत. १९१६ साली एल पासोला विकत घेतलेलं नक्षीदार कोल्ट, त्याच वर्षी मेक्सिकोतल्या चकमकीनंतर पाडलेल्या खाचा. त्या भरून मूठ गुळगुळीत केली असती तर काय उरलं असतं?

आणि बदल करणाऱ्यांनी इतिहास घडवलाही आहे. एल्मर कीथ हा आयडाहोकडचा गुरं राखणारा माणूस. १९२० च्या दशकात त्याने निरनिराळ्या कारागिरांकडून काम करवून घेऊन जुन्या कोल्टचं एक नवंच रूप तयार केलं. वेगळी मूठ, सपाट माथा, जुळवून घेता येणारी माशी. १९२९ मध्ये त्यावर लेख लिहिला. पुढे जास्त ताकदीच्या गोळ्यांसाठी तो वर्षानुवर्षं कंपन्यांच्या मागे लागला, आणि १९५५ च्या अखेरीस स्मिथ अँड वेसनचं .४४ मॅग्नम निघालं, त्यात या खटपटीचा मोठा वाटा होता. कीथने ज्या कोल्टवर कानशी चालवल्या, त्या तेव्हा साध्या जुन्या वस्तू होत्या. आज तसं करायला कोणी धजणार नाही.

मग हौस भागवायची कशी? आमच्या गृहस्थांचा नियम सोपा होता. इटलीत उबेर्टीसारख्या कारखान्यांत या जुन्या रिव्हॉल्वरच्या हुबेहूब प्रतिकृती बनतात. तसं एक त्यांच्याकडे होतं. मूठ स्वतः घडवलेली, आतले भाग घासून लोण्यासारखे केलेले, नळी आपल्या पसंतीची. "सगळे प्रयोग याच्यावर. त्याला," म्हणून त्यांनी आर्टिलरी मॉडेलकडे बोट दाखवलं, "फक्त तेलाचं फडकं."

ते म्हणाले, एकदा एकाने वडिलांची आठवण म्हणून जुनं कोल्ट प्रेमाने नव्याने पॉलिश करून, मुलामा देऊन आणलं. कडा गोल झाल्या, ठसे पुसट झाले, तपासनिसाची आद्याक्षरं गेली. किंमत उतरली ती उतरलीच, पण वडिलांच्या हाताने मुठीवर जिथे झीज झाली होती, तीही गेली. "त्याने आठवण चकचकीत केली," एवढंच ते म्हणाले.

तिथून परत येताना मी फार बोललो नाही. लेकीला वाटलं, बाबांना शस्त्रं पाहून त्रास झाला. तसं नव्हतं. आता ती कबुली.

आमच्या घरी आजोबांचा ‘पांडवप्रताप’ होता, हे भावंडांना आठवत असेल. समासात आजोबा बारीक अक्षरात नोंदी करत. पूर कधी आला, जोंधळा किती महाग झाला, घरात कोण जन्मलं. १९८४ साली तो पार खिळखिळा झाला होता, म्हणून मी बाइंडिंगला दिला. वर सांगितलं, "कडा एकसारख्या करून द्या." बाइंडरने सांगितल्याप्रमाणे यंत्रावर तीन बाजू कापल्या. लाल रेक्झिन, सोनेरी अक्षरं, ग्रंथ कसा देखणा झाला! घरी येऊन उघडला तर नोंदी अर्ध्यामुर्ध्या. आमची सगळ्यात मोठी आत्या, १९१८ च्या मानमोडीत पाच-सहा वर्षांची असताना गेलेली, तिच्या जन्माची नोंद त्यात होती. आता फक्त "आज पहाटे कन्या" एवढंच आहे. तिथी गेली, वार गेला, नाव गेलं. तिचा फोटो नाही, शाळेचा दाखला नाही. ती जगात येऊन गेल्याचा लेखी पुरावा तेवढाच होता, आणि तो इतिहासाच्या मास्तराने हौसेने कापला. वडिलांनी विचारलं तेव्हा मी म्हणालो, "वाळवीने खाल्लं."

त्यांना खरं सांगायचं राहून गेलं. आज तुम्हाला सांगतोय.

आर्टिलरी मॉडेलचे न जुळणारे आकडे हाही इतिहासच, तसा हा कापलेला समासही म्हणता येईल. पण मी ती पळवाट घेणार नाही. तिथे निदान नळी का कापली ते सरकारने लिहून ठेवलं होतं. म्हणून काल ग्रंथाच्या आतल्या पानावर एक चिठ्ठी ठेवली. ‘कडा १९८४ साली माझ्या सांगण्यावरून कापल्या’, खाली सही आणि तारीख.

धाकट्या काकूंच्या माहेरी किंवा कोल्हापूरच्या चुलत भावंडांकडे त्या नोंदींची कोणी नक्कल करून ठेवली असेल तर जरूर कळवा. आत्याचं नाव तरी कळेल. आणि घरातली जुनी समई, दौत, पेटी, काहीही चकचकीत करायला काढाल, तर आधी ती चांगल्या उजेडात एकदा नीट बघा. बस्स, एवढंच.