तिथी

चंदीगडला राहायला आलो त्या पहिल्याच हिवाळ्यात मला एक सवय लागली. सकाळचं धुकं विरलं की शहराच्या दक्षिणेकडच्या हवाई तळावरून मालवाहू विमानं उठतात. चहाचा कप हातात धरून, आवाज डोंगरांकडे विरून जाईपर्यंत मी ऐकत राहतो. फेब्रुवारीत लेहकडे जाणारे घाटरस्ते बर्फाखाली असतात. अशा वेळी सुट्टी संपवून लडाखला परतणाऱ्या जवानाला विमानाचाच आधार.

7 फेब्रुवारी 1968 रोजी असंच एक विमान इथून लेहला निघालं. एएन-12 जातीचं, चार इंजिनांचं, सोव्हिएत बनावटीचं, क्रमांक बीएल-534. आत 102 माणसं होती. 1965 च्या युद्धाला जेमतेम अडीच वर्षं झाली होती; त्या दिवशी मात्र कुठेही लढाई नव्हती. लेहजवळ हवामान बिघडलं म्हणून वैमानिकाने विमान माघारी वळवलं. रोहतांग खिंडीच्या परिसरातून शेवटचा संपर्क झाला आणि त्यानंतर विमान नाहीसं झालं.

लष्करी विमानांचे अपघात आपल्याला नवे नाहीत. 1 ऑक्टोबर 2002 रोजी गोव्यात, दाबोळीच्या आकाशात, नौदलाची दोन आयएल-38 विमानं एकमेकांवर आदळली. त्या तुकडीचा तो रौप्यमहोत्सव होता. दोन्ही विमानांतले मिळून 12 नौसैनिक गेले. घाला भयंकर होता. पण तो दिवसाढवळ्या, लोकांच्या डोळ्यांसमोर पडला. घरच्यांना निरोप गेला तो पक्का होता. चंदीगडहून निघालेल्या 102 जणांच्या घरी असा पक्का निरोप देण्याजोगं काही हाती नव्हतं. ना अवशेष, ना मृतदेह.

अशा घरांसाठी कायद्याने आणि शास्त्राने आपापल्या वाटा काढून ठेवल्या आहेत. सात वर्षं ठावठिकाणा नसेल, तर माणूस मृत मानायला कायदा वाव देतो. परंपरा बारा वर्षं थांबायला सांगते, मग पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी देते. आपल्याकडे त्याला पालाशविधी म्हणतात. कागद आणि पुतळा यांनी व्यवहार मार्गी लागतो. पण अंगणात पाऊल वाजलं की दाराकडे वळणारी नजर कोणत्या विधीने थांबवायची?

35 वर्षांनी, 2003 मध्ये, एका गिर्यारोहण मोहिमेला लाहौल-स्पितीच्या डोंगरांत या विमानाचे अवशेष सापडले. चंद्रभागा-13 शिखराच्या परिसरात, दक्षिण ढाका हिमनदीवर. हिमनदी नावाप्रमाणेच वाहते, फक्त ते वाहणं डोळ्यांना दिसत नाही. वर पडलेला बर्फ दाबाने घट्ट होतो, पोटात घेतलेलं सारं घेऊन उतारावरून सरकतो आणि खाली वितळताना एकेक वस्तू उघडी करतो. त्यामुळे शोधही एका मोहिमेत संपणारा नव्हता. 2003 मध्ये एका जवानाचा देह मिळाला, 2007 मध्ये आणखी काही, पुढे 2018 मध्ये एक. 2019 मध्ये हवाई दलाला इंजिनाचे आणि सांगाड्याचे भाग मिळाले.

सप्टेंबर 2024 च्या अखेरीस डोग्रा स्काउट्स आणि तिरंगा माउंटन रेस्क्यू यांच्या पथकाला चार देह मिळाले. ओळख पटवायला खिशांत टिकून राहिलेले कागद कामी आले. 56 वर्षांत वाट पाहणाऱ्यांपैकी कितीतरी जण निघून गेले होते. केरळमधल्या एकाला भावंडांनी निरोप दिला. सहारनपूरकडच्या एकाला नातवांनी. विशीत गेलेल्या आजोबांना नातवांनी प्रथम पाहिलं ते असं.

ही बातमी मी वाचली तेव्हा पितृपंधरवडा चालू होता. दोन दिवसांनी सर्वपित्री अमावास्या होती. आमच्या घरी त्या दिवशी, ज्यांची तिथी ठाऊक नाही त्यांच्यासाठीही एक पान वाढतात. लहानपणी मी आजीला विचारायचो, हे पान कुणाचं? ती म्हणायची, "असतं कुणाचं तरी."

त्या वर्षी मी विचारलं नाही. 102 पैकी डझनभरही अजून परतलेले नाहीत. बाकीचे बर्फात आहेत, आणि बर्फ त्याच्या गतीने खाली सरकतो आहे.