दंडूतील मनोरा, पेठेतून पाहिलेला

स्मरणिकेसाठी शहरातील एखाद्या वास्तूविषयी लिहावे, अशी संपादकांची सूचना आली, तेव्हा चिकपेटेतला हा मनुष्य शहाजीराजांच्या वाड्याविषयीच लिहिणार, असा बहुतेकांचा समज झाला असावा. तो विषय आपल्या मंडळींनी पुष्कळदा हाताळलेला आहे. मी लिहीत आहे महात्मा गांधी रस्त्यावरील 25 मजली युटिलिटी बिल्डिंगविषयी. सुभाषचंद्र बोस पब्लिक युटिलिटी बिल्डिंग हे तिचे पुरते नाव. पण ते पाटीवरच राहिले. सिमेंट-काँक्रीटच्या इमारतीला इतिहास तो काय असणार, असे कोणी म्हणेल. परंतु 1973 साली पुऱ्या झालेल्या या इमारतीच्या पायाशी या शहराची चार शतके येऊन थांबतात, अशी माझी समजूत आहे.

आरंभ मात्र चिकपेटेपासूनच केला पाहिजे. केम्पेगौडाने 1537 मध्ये नगर वसविले, तेव्हा चिकपेट आणि दोड्डपेट यांच्या चौकातून चारी दिशांना बैलांचे नांगर धरले आणि त्या तासांवरून रस्ते पडले, अशी परंपरा आहे. पुढे चार दिशांना चार मनोरे उभे राहिले. लालबागेतील खडकावरचा मनोरा सर्वांनी पाहिलेला असतो. हलसूर तलावाजवळचा फार थोड्यांनी. नगर या मनोऱ्यांपलीकडे वाढणार नाही, असे म्हणे भाकीत होते. बेंगळुरूतील पहिल्या उंच इमारती म्हणजे हेच चार मनोरे. माणूस जेमतेम उभा राहील एवढी त्यांची जागा, आणि काम एकच, दूरवर नजर ठेवण्याचे.

1638 मध्ये शहर विजापूरकरांच्या हाती आले व शहाजीराजांच्या जहागिरीत गेले. आपल्यातील कित्येक घराणी आपले येणे तेव्हापासूनचे सांगतात. 1687 मध्ये व्यंकोजीराजांनी ते म्हैसूरच्या चिक्कदेवराज वोडेयरांना तीन लाख रुपयांस देण्याचे बोलणे केले. मध्येच मोगल सरदार कासिमखान शहरात शिरला, आणि अखेर तेवढ्याच रकमेस शहर म्हैसूरकडे गेले. आज चिकपेटेत तीन लाखांत दुकानाची पायरीही मिळणार नाही. पण तो विषय निराळा.

1809 मध्ये इंग्रजांनी श्रीरंगपट्टणची छावणी हलवून पेठेच्या पूर्वेस वसविली आणि एकाची दोन शहरे झाली. इकडे पेठ, तिकडे दंडू. इकडे अरुंद गल्ल्या, कौलारू घरे, रेशमाचे व सराफीचे व्यापार. तिकडे परेडचे मैदान, बंगले आणि साउथ परेड नावाचा रुंद रस्ता, जो पुढे महात्मा गांधी रस्ता झाला. दोन्हीकडच्या नगरपालिका वेगळ्या होत्या. त्या एक होऊन 1949 मध्ये महानगरपालिका झाली. मने एक व्हायला अधिक काळ लागला. आमच्या घरात ‘आज दंडूत जायचे आहे’ हे वाक्य परगावी जाण्याच्या सुरात बोलले जाई आणि त्यासाठी इस्त्रीचा सदरा निघे.

अशा त्या दंडूत, साहेबांच्या जुन्या रस्त्यावर, महानगरपालिकेने सुमारे 106 मीटर उंचीची इमारत उभी केली. त्यापूर्वी दक्षिणेत उंच इमारत म्हटली की मद्रासच्या माउंट रोडवरील आयुर्विमा महामंडळाच्या इमारतीचे नाव निघे. ती 1959 ची, 177 फूट उंच. आपली इमारत तिच्या जवळजवळ दुप्पट झाली आणि दक्षिण भारतातील सर्वांत उंच ठरली. काळही अनुकूल होता. विमान, टेलिफोन, घड्याळे, रेडिओ यांचे सरकारी कारखाने भरात होते. 1971 च्या शिरगणतीत साडेसोळा लाखांच्या आसपास असलेली वस्ती दहा वर्षांत 29 लाखांवर गेली. इमारत पुरी झाली त्याच वर्षी, 1 नोव्हेंबर 1973 रोजी, म्हैसूर राज्याचे नाव कर्नाटक झाले. चार वर्तमानपत्रे वाचणारे माझे वडील या दोन गोष्टी एका श्वासात सांगत.

मी तेव्हा शाळेत होतो. आमचे एक आप्त वरच्या मजल्यावरील एका कचेरीत कामाला लागले आणि एका रविवारी आम्हां सर्वांना घेऊन गेले. आजी लिफ्टमध्ये डोळे मिटून उभी होती. वर गेल्यावर तिने डोळे उघडले, खाली पाहिले नाही, भिंतीवरच्या नळाकडे पाहून विचारले, “एवढ्या वर पाणी कोण रे चढवतो?” सगळे हसले. परंतु त्या वर्षी शहरातला सर्वांत शहाणपणाचा प्रश्न तोच होता. चिकपेटेत पहाटे नळावर घागरींची रांग लागे. शहराची तहान 1894 च्या हेसरघट्ट्याच्या आणि 1933 च्या तिप्पगोंडनहळ्ळीच्या तलावांवर भागत होती. कावेरीचे पाणी प्रथम आले ते 1974 मध्ये. म्हणजे मनोरा आधी, नदी नंतर. तीही आपण होऊन आली नाही. शहर समुद्रसपाटीपासून 900 मीटरांहून उंच, नदी खोल दरीत. सुमारे 100 किलोमीटरवरून पंपांनी पाणी वर चढवून आणावे लागते. सारे बेंगळुरूच जणू एक उंच इमारत आहे आणि तिचा नळ खालच्या मजल्यावर आहे. आजीला हे कोणी समजावून सांगितले नाही. खाली मात्र झाडेच झाडे दिसत होती, आणि पश्चिमेला धुरकट लाल कौले. त्यांत आमचे घर शोधण्यात माझा अर्धा तास गेला व ते सापडले नाही.

पुढचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. चार्ल्स कोरिया यांनी रेखलेले विश्वेश्वरय्या केंद्र 1980 मध्ये पुरे झाले. वास्तुकला म्हणून ते निःसंशय सरस आहे. युटिलिटी बिल्डिंगला देखणी कोणीच म्हटले नाही, मीही म्हणत नाही. तरीही शहरातील उंचीचा मान पुष्कळ वर्षे तिच्याकडे राहिला. 2006 च्या सुमारास सुमारे 123 मीटरांचा यू. बी. टॉवर उभा राहिला, आणि मग दीडशे मीटरांपलीकडचे निवासी मनोरे. 2010 नंतरच्या दशकात त्या वेळच्या महानगरपालिकेने कर्जासाठी ज्या मालमत्ता तारण ठेवल्या, त्यांत ही इमारतही होती. ती बातमी वाचली तेव्हा मला व्यंकोजीराजांचे तीन लाख आठवले, हे कबूल करतो.

आवारातील सिम्फनी चित्रपटगृहाला पुढे शंकर नाग यांचे नाव मिळाले. कन्नड रसिकांचा हा लाडका नट मुंबईच्या मराठी रंगभूमीवर घडला होता आणि ‘22 जून 1897’ या मराठी चित्रपटाच्या लेखनात त्याचा वाटा होता, हे आपल्या तरुण मंडळींना सहसा ठाऊक नसते. 1990 मध्ये तो अपघातात गेला. या शहरात मेट्रो व्हावी, असा त्याचा ध्यास होता. 2011 मध्ये पहिली गाडी धावली ती महात्मा गांधी रस्त्यापर्यंतच. चिकपेटेखालून ती 2017 पासून जाते.

आता मी चिकपेट स्थानकात जमिनीखाली उतरतो, मॅजेस्टिकला गाडी बदलतो. कब्बन पार्क सुटले की गाडी भुयारातून वर येते. पूर्वी मान उंच करून पाहावी लागे, त्या इमारतीचे खालचे मजले खिडकीतून समोरासमोर दिसतात. दंडूत जायला आता वीस-पंचवीस मिनिटे लागतात. सदऱ्याला मी अजूनही इस्त्री करून घेतो.